पसंतीक्रमात पहिलं नाव कोणाचं?

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी आटपाडी तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. गणित चांगलं आहे, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी देणार आहे. वडिलांची डाळिंबाची बाग आहे. मामा म्हणतात, कॉलेज कुठलंही असू दे, पण पुण्यात जा आणि कॉम्प्युटरच घे. वडील म्हणतात, सांगली-कराडच्या पुढे नको. आम्ही ओबीसी आहोत, उत्पन्न आठ लाखांच्या बरंच आत आहे. गेल्या उन्हाळ्यात विहिरीवरचा स्टार्टर सारखा ट्रिप व्हायचा. वायरमनकाकांनी तो उघडला तेव्हा मी शेजारी बसले होते. कॉइल जळली होती, ती त्यांनी मला बदलू दिली. तेव्हापासून घरच्या मोटरचं सगळं मीच बघते. ड्रिपचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून चालू-बंद करता येतील का, तेही शोधते आहे. कॉलेज कसं निवडू?

उत्तर : अगं पोरी, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कॉम्प्युटरचा उल्लेख त्यात एकदाच आहे आणि तो मामांच्या तोंडी आहे. मोटर, स्टार्टर आणि व्हॉल्व्हवर मात्र तू मन लावून लिहिलं आहेस. विट्याच्या ज्युनिअर कॉलेजात अठ्ठावीस वर्षं मी गणित शिकवलं. ‘मला काय आवडतं’ हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी मुलं मला फार थोडी भेटली. तेव्हा इलेक्ट्रिकल ही शाखा तुझ्या यादीत असलीच पाहिजे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी कॉलेजला ती आहे, कराडच्या शासकीय अभियांत्रिकीलाही आहे. वालचंद १९४७ चं, कराडचं १९६०चं. घराजवळ आहेत म्हणून त्यांना दुय्यम समजू नकोस, आपल्या भागातले कितीतरी इंजिनिअर तिथेच घडले आहेत.

मामांचंही चुकत नाही, कॉम्प्युटरला काम आहेच. पण २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, चांगल्या कॉलेजांना एका शाखेत किती जागा घ्यायच्या यावरची मर्यादा काढून टाकली. तेव्हापासून काही खासगी कॉलेजांत कॉम्प्युटरच्या तुकड्या भराभर वाढल्या. तुकडी वाढली की शिकवणारेही वाढतात असं नाही. म्हणून ‘कुठलंही कॉलेज, पण कॉम्प्युटर’ हे मला पटत नाही. कॉम्प्युटरच हवं असेल तर शिकवणारे कोण आहेत ते बघून घे.

आता कटऑफच्या, म्हणजे शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला त्याच्या, याद्या स्वतः वाचायला शीक. हे प्रवेश करणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या याद्या असतात. आकड्यांच्या वर इंग्रजी अक्षरांचे गट दिसतील. सुरुवातीचा ‘जी’ म्हणजे सर्वांसाठीची जागा, ‘एल’ म्हणजे मुलींची. मधे प्रवर्ग असतो. शेवटी ‘एच’ असेल तर आपल्या विद्यापीठातल्या मुलांसाठी, ‘ओ’ असेल तर बाहेरच्यांसाठी, ‘एस’ असेल तर राज्यभरासाठी. तुझं घरचं विद्यापीठ शिवाजी, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा. पुण्याच्या बऱ्याच कॉलेजांत तू ‘ओ’च्या रकान्यात येशील, सीओईपीसारख्या (पुण्याचं जुनं शासकीय अभियांत्रिकी) ठिकाणी ‘एस’च्या. माझ्या ओळखीतल्या एका पालकांनी ‘एच’चा आकडा पाहून मुलाला पुण्यातलं कॉलेज नक्की मिळणार असं धरून ठेवलं होतं. तो रकाना त्यांच्या मुलाचा नव्हताच. तुझ्यासाठी ‘एल’, ओबीसी आणि योग्य शेवटचं अक्षर, एवढंच बघ. आणि एका वर्षाचा आकडा धरून बसू नकोस, तीन वर्षांचे शेजारी-शेजारी मांड.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑप्शन फॉर्ममधला, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीच्या यादीतला, क्रम.

२०१६ सालचा एक विद्यार्थी मला अजून आठवतो. बापाचं चहाचं दुकान, पोराचा सीईटीला उत्तम स्कोअर. त्याने फॉर्म एका दुकानात भरून घेतला. भरणाऱ्याने सांगितलं, ‘हमखास मिळणारं कॉलेज वर टाक, मोठं नाव वर टाकलं तर ते हुकेल आणि खालचंही जाईल.’ पोराने ऐकलं. पहिल्या फेरीत त्याला पहिली पसंती मिळाली आणि तिथेच सीट गोठली, म्हणजे पुढे बदलता येईना. ज्या कॉलेजची त्याला खरी आस होती ते त्याने चौथ्या क्रमांकावर लिहिलं होतं, आणि त्या कॉलेजचा कटऑफ पोराच्या स्कोअरच्या खाली लागला, म्हणजे ते त्याला मिळालं असतं. तो माझ्या घरी येऊन ओट्यावर बसला आणि काहीच बोलेना. मी तरी काय बोलणार? त्याला फक्त कुणीतरी आधी समजावून सांगायला हवं होतं.

संगणक गुणवत्ता यादीतल्या क्रमाने एकेका मुलाकडे येतो आणि त्याची यादी वरून खाली वाचतो. जिथे जागा शिल्लक सापडली ती त्याला देतो. वरचं मोठं कॉलेज हुकलं म्हणून खालच्या कॉलेजातला तुझा हक्क तसूभरही कमी होत नाही. तुझ्यापेक्षा कमी गुण असलेल्या मुलीने तेच कॉलेज पहिल्या क्रमांकावर आणि तू पंधराव्यावर लिहिलं असलंस, तरी आधी तुझाच विचार होतो. त्यामुळे भीतीने क्रम लावू नकोस. ज्या कॉलेजचं पत्र आलं तर तुला सगळ्यात जास्त आनंद होईल, ते वर.

मात्र वर लिहिलेलं मिळालं तर घ्यायची तयारी हवी. २०२५ च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी एक आणि तिसरीत पहिल्या सहापैकी एक मिळाली की ती घेणं बंधनकारक होतं, नाही घेतली तर पुढच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेशाच्या, फेऱ्या बंद. तुझ्या वर्षीची माहितीपुस्तिका हातात आली की हे कलम आधी वाच. मामांच्या समाधानासाठी एखादं नाव वर टाकणार असशील तर टाकू नकोस. तेच मिळेल, आणि चार वर्षं तिथे तुला राहायचं आहे.

पैशांची काळजी तू लिहिली नाहीस, पण ती घरात असणारच. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झालं. मॅनेजमेंट कोट्यातल्या सीटला हे नाही, तेव्हा कुणी ‘डोनेशन देऊन सीट पक्की करू’ म्हणालं तर वडिलांना हे वाक्य दाखव. खोली, मेस, पुस्तकं, येणं-जाणं हा खर्च आपलाच, त्याचा हिशोब घरी बसून करा. पण जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र आणि पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र लागेल. वैधतेचा अर्ज केला नसशील तर या आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात जा. वडिलांची किंवा चुलत्यांची वैधता झालेली असेल तर ती सोबत जोड, काम सोपं होतं.

आणि एक दिवस काढून सांगली आणि कराड पाहून ये. एसटीला आपल्याला अर्धंच तिकीट आहे. गेटवरच्या फलकावरचा सर्वांत मोठा पॅकेजचा आकडा वाचू नकोस. कॅन्टीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलींजवळ बस. मशीन लॅबमध्ये मोटर स्वतः जोडायला मिळते की लांबून बघायची? नोकरी लागलेल्या मुलांत मधल्या मुलाला किती पगार मिळाला? हॉस्टेलला मे महिन्यात पाणी असतं का? त्या खरं सांगतील. पुण्याला जमलं तर तिथेही असंच कर, आणि मामांनाच बरोबर ने.

प्रश्न : मुलगा दहावीला आहे. अकरावीला क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजात घालायचं आम्ही ठरवलं आहे. तो डिप्लोमाचा हट्ट धरतो आहे. त्याला कसं समजवावं? — एक पालक, चिपळूण

उत्तर : दादा, समजवायच्या आधी त्याचं ऐकून घ्या ना. डिप्लोमा ही माघार नाही. दहावीच्या गुणांवर प्रवेश, तीन वर्षं, आणि पुढे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात. तिथे सीईटी नसते, डिप्लोमाचे गुण धरतात. हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलाला हा रस्ता मानवतो. त्याला डॉक्टर व्हायचं असेल किंवा अजून काहीच ठरलं नसेल तर अकरावी बरी, कारण तिथून वाटा जास्त फुटतात. रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात त्याला घेऊन जा, वर्कशॉप बघू द्या. आणि टाय-अपच्या ठिकाणी एवढंच विचारा, की प्रयोगशाळा आठवड्यातून किती वेळा उघडते.

प्रश्न : सीईटीच महत्त्वाची, मग बारावी बोर्डाचा अभ्यास कशाला?

उत्तर : इंजिनिअरिंगला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ आणि राखीवला ४० टक्के नसतील तर सीईटीचा पर्सेंटाइल कितीही येवो, प्रवेश मिळत नाही. शिवाय सीईटीत ८० टक्के प्रश्न बारावीचेच, २० टक्के अकरावीचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. आणि कपाटात ठेवलेली अकरावीची पुस्तकं आजच खाली काढा.