ग्रामसभेत बहुमताने बहिष्काराचा ठराव झाला, तर तो पाळावा लागतो का?

नाही. तासगाव तालुक्यातलं गाव असो की सगळी संसद, आंतरजातीय लग्न केलेल्या घराशी बोलणं-चालणं बंद करायचं, हे हात वर करून ठरवायचा विषयच नाही. मूलभूत हक्क हिरावणारा कायदा कलम १३ नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, तिथे ठरावाचं काय! जगण्याचा हक्क राज्यघटनेने मान्य केला, बहाल केलेला नाही. १९७६ च्या आणीबाणीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे नाकारलं होतं. २०१७ मध्ये त्याच न्यायालयात, खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी खटल्यात ती चूक दुरुस्त झाली. बहुमताचं राज्य रस्ता, पाणी, घरपट्टी यांच्यापुरतं.

आता कामाचं. सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा, २०१६: ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. ठरावाची प्रत माहिती अधिकारात मागा, मुदत ३० दिवस. पण बहुतेकदा इतिवृत्तात काहीच नसतं, नुसतं 'ठरलंय' एवढंच, आणि प्रकरण इथेच ढिलं पडतं. म्हणून किराणा नाकारला, लग्नाचं आवतण टाळलं, याची तारीखवार नोंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज पुसू नका. हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करायची झाली तर ऑगस्ट २०२५ पासून सांगली-सातारकरांना मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरला त्या न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ आहे.