डिग्री नाही, अनुभवावरचं प्रमाणपत्र कितपत चालतं?

तळोजा एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शॉपमधले क्यूसी (गुणवत्ता तपासणारे) इन्स्पेक्टर, वय 38. दहावीनंतर आयटीआय वेल्डर. सहा वर्षं स्वतः वेल्डिंग केलं, पुढची दहा वर्षं पाइपिंगची तपासणी. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ते आमच्याकडे सल्ल्यासाठी आले तेव्हा एजंटाला द्यायच्या पैशांची जुळवाजुळव झाली होती. ‘मागच्या तारखेची बी.टेक., एका बैठकीत, तुमच्या अनुभवावर,’ असं त्याने सांगितलं होतं. यांच्याकडून काम शिकलेली बी.ई. झालेली मुलं यांच्या वरच्या पदावर गेली होती आणि आखातातल्या नोकरीसाठी दिलेला बायोडेटा शिक्षणाचा रकाना बघूनच परत आला होता. ‘सोळा वर्षांच्या कामाला काहीच किंमत नाही का?’ हा त्यांचा प्रश्न. तो आमच्याकडे वरचेवर येतो.

एजंटाचं आधी मिटवलं. अनुभव बघून बी.टेक. देणारी कोणतीही कायदेशीर सोय भारतात नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत निकाल दिला. काही पदव्या रद्द झाल्या, काही पुन्हा परीक्षा देईपर्यंत स्थगित राहिल्या. तिथे लोकांनी निदान अभ्यास तरी केला होता. विकतची पदवी त्याहून धोक्याची, कारण परदेशी जाताना पदवीची पडताळणी होते आणि खोटेपणा तिथे उघडा पडतो. मग नोकरी तर जातेच, शिवाय गुन्हा दाखल होऊ शकतो. एएमआयईचंही (कॉलेजविना देता येणारी अभियंता-संस्थेची परीक्षा) विचारलं जातं: 31 मे 2013 पर्यंत नावनोंदणी झालेल्यांच्याच प्रमाणपत्राला केंद्र सरकारने बी.ई.ची समकक्षता ठेवली. आज नव्याने नाव घालताना हे माहीत असायला हवं.

मग त्यांना कामाचंच विचारलं. आरटीमध्ये (जॉइंटच्या एक्स-रेसारख्या तपासणीत) एका वेल्डरचा जॉइंट फेल गेला तर पुढे काय? क्षणभरही न थांबता उत्तर आलं: बी31.3 या पाइपिंगच्या कोडप्रमाणे नॉर्मल सर्व्हिसला (साधारण वापराच्या लाइनला) किमान 5 टक्के जॉइंटचं आरटी. एक फेल गेला की त्याच वेल्डरचे, त्याच लॉटमधले (एकत्र तपासायच्या जॉइंटच्या गटातले) आणखी दोन. त्यातला एखादा गेला तर त्याच्यामागे पुन्हा दोन. तिथेही दोष निघाला तर सगळा लॉट तपासा नाहीतर दुरुस्त करा. पेनिट्रेशन (वेल्डचं तळापर्यंत पोचणं) अपुरं का राहतं? टॅक (जोड धरून ठेवणारे छोटे वेल्ड) कमी आणि छोटे मारले की रूट पास (तळाचा पहिला थर) पुढे सरकेल तशी आकुंचनाने पुढची गॅप मिटत जाते, आर्क तळापर्यंत पोचत नाही. हे ज्ञान पक्कं होतं. अडचण एवढीच की त्यातलं काहीही त्यांच्या कागदांवर नव्हतं.

अनुभवपत्रात पद होतं ‘वेल्डर’. पीएफच्या नोंदीत दहा वर्षांत तीन लेबर कंत्राटदारांची नावं, मूळ कंपनीचा पत्ताच नाही. अनुभवावर आधारलेली बहुतेक प्रमाणपत्रं इथेच अडतात. सीस्विप 3.1 या वेल्डिंग इन्स्पेक्टरच्या प्रमाणपत्राला पदवी लागत नाही, पण तपासणीचा अनुभव लागतो आणि तो दुसऱ्या कुणीतरी खात्रीने सांगावा लागतो.

म्हणून पहिलं काम पत्राचं. कंपनीच्या लेटरहेडवर, दिवस-महिना-वर्ष घातलेल्या तारखांसह: कोणत्या काळात वेल्डर, कोणत्या काळात तपासणी, कोणते कोड, कामं नेमकी कोणती (फिट-अप म्हणजे वेल्डआधीची जुळणी, व्हिज्युअल, हायड्रो म्हणजे पाण्याच्या दाबाच्या टेस्टला साक्षीदार, आरटी फिल्मचा आढावा), सही करणाऱ्याचं नाव, पद आणि ऑफिसचा ईमेल. पद फुगवून ‘क्यूए-क्यूसी इंजिनिअर’ असं लिहून घ्यायचा मोह अनेकांना होतो. पडताळणीचा ईमेल कंपनीत पोचतो, एचआर जुन्या नोंदीतलं ‘वेल्डर’ हेच पद कळवतं आणि खरा अनुभवही संशयात सापडतो. पद जे होतं तेच राहू द्यावं, काम मात्र पूर्ण लिहून घ्यावं. कंत्राटदारांमुळे पडलेली फट भरायला पीएफच्या यूएएनची सर्व्हिस हिस्टरी, पगाराच्या पावत्या, गेटपास आणि यांच्या सहीचे तपासणी अहवाल. अहवालांच्या प्रती कंपनीची परवानगी घेऊनच काढायच्या, ग्राहकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर झाकायचे.

दुसरा प्रश्न प्रमाणपत्र निवडायचा. त्यांना थेट एपीआय 570 (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं पाइपिंग इन्स्पेक्टरचं प्रमाणपत्र) हवं होतं, कारण ओळखीतल्या एकाला त्यावर चांगला पगार मिळाला होता. एपीआयची अट शिक्षणाप्रमाणे बदलते: अभियांत्रिकी पदवी असेल तर 1 वर्ष अनुभव, दोन वर्षांचं तांत्रिक शिक्षण असेल तर 2, शालेय शिक्षण असेल तर 3, काहीच नसेल तर 5 किंवा जास्त. वेल्डर ट्रेड एक वर्षाचा, म्हणून आम्ही त्यांना 3 वर्षांच्या ओळीतच धरलं. वर्षं भरपूर होती, पण 570 हे चालू प्लांटमधल्या पाइपिंगचं प्रमाणपत्र आहे आणि यांचा सगळा अनुभव नव्या बांधणीचा. परीक्षेतलं गणित बघा. सहा वर्षांत पाइपची जाडी 9.5 वरून 8.3 मिमी झाली, म्हणजे गंजण्याचा वेग वर्षाला 0.2. किमान लागणारी जाडी 6.5 असेल तर उरलेलं आयुष्य 1.8 भागिले 0.2, म्हणजे 9 वर्षं. त्याच्या निम्मी साडेचार. क्लास 1 (सर्वांत धोक्याच्या) लाइनची कमाल मर्यादा 5. जे कमी ते घ्यायचं, म्हणजे साडेचार वर्षांच्या आत पुढची मोजणी. भागाकार सोपा आहे. पण हे ज्याने शटडाऊनमध्ये (तपासणी-दुरुस्तीसाठी प्लांट बंद असताना) केलेलं नाही, त्याला मुलाखतीत दोन प्रश्नांत ओळखतात. आमचं मत स्पष्ट होतं: आधी सीस्विप 3.1, मग दोन-तीन शटडाऊन, आणि त्यानंतर 570.

एनडीटी (वस्तू न तोडता करायची तपासणी) लेव्हल टूचं प्रमाणपत्र त्यांच्याकडे होतं, एका क्लासने दिलेलं. या प्रमाणपत्रांच्या एसएनटी-टीसी-1ए पद्धतीत प्रमाणित करण्याची जबाबदारी नोकरी देणाऱ्याची असते. नोकरी बदलली की नव्या कंपनीने पुन्हा प्रमाणित करावं लागतं. हे क्लासवाले क्वचितच सांगतात.

3.1 च्या परीक्षेआधी डोळे तपासून घ्या, हे आम्ही चाळिशीजवळच्या प्रत्येकाला सांगतो. जवळचं बारीक अक्षर वाचण्याची अट असते, आणि चष्मा लागलाय हे कित्येकांना तिथेच कळतं. अभ्यास सहा महिने, रोज तासभर. थिअरीची त्यांना इंग्रजीमुळे धास्ती होती, ती ते पास झाले. राहिलं ते प्रॅक्टिकलमध्ये, पाइपच्या नमुन्यावर. दोष सगळे दिसले होते, पण स्केचवर प्रत्येकाची सुरुवात कुठून, लांबी किती, हे मिमीमध्ये मांडलं नव्हतं. शॉपमध्ये खडूने गोल करून वेल्डरला हाक मारायची सवय. परीक्षकाला मोजमाप लिहिलेलं लागतं. शॉपमधल्या भंगार जॉइंटवर महिनाभर स्केच काढून दुसऱ्या वेळी पास झाले.

या प्रमाणपत्राने काय होत नाही, हेही त्यांना आधीच सांगितलं होतं. पदवीची अट असलेली सरकारी जागा मिळत नाही. आखातात ‘इंजिनिअर’ पदाचा व्हिसा पदवीवरच. 2018 मध्ये कुवेतने एनबीए (अभियांत्रिकी अभ्यासक्रमांची गुणवत्ता तपासणारी भारतीय संस्था) मानांकन मागितलं तेव्हा खरी पदवी असलेले भारतीय अभियंतेही अडले. यांना ‘वेल्डिंग इन्स्पेक्टर’ म्हणूनच जाता येईल, आणि ऑफरमध्ये तेच पद लिहिलेलं आहे की नाही ते बघून सही करायची. ब्रिटनमध्ये इंजिनिअरिंग कौन्सिलची नोंदणी पदवीशिवायही, कामातली क्षमता पुराव्यानिशी दाखवून मिळते. पण तिने भारतातली पदवीची अट भागत नाही.

वरच्या पदासाठी पदविका हवीच असेल तर नोकरदारांसाठी संध्याकाळच्या किंवा सुट्टीच्या दिवशीच्या तुकड्यांना एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाचं नियमन करणारी केंद्रीय संस्था) 2023 पासून वाट दिली आहे. किमान एक वर्षाची नोकरी लागते. पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड हवा. फिटरला ते जमतं, एक वर्षाच्या वेल्डरला पहिल्या वर्षापासून सुरुवात. त्यांनी ते पुढच्या वर्षावर टाकलं आहे. सध्या वही सुरू केली आहे: तारीख, लाइन, कोड, काय तपासलं, काय नाकारलं, का, आणि महिन्याअखेरीस वरिष्ठांची सही. 3.1 चं नूतनीकरण पाच वर्षांनी आहे आणि काम चालू असल्याचा पुरावा तेव्हा पुन्हा मागतील.