मंडळात नव्याने येणाऱ्या अभ्यासकास

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्या साहाय्याने १९१० साली स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात तुम्ही येऊ लागलात, याचा मनापासून आनंद वाटतो. संग्रहालय सावकाश पाहा, पण आधी मोडीचा सराव करा. शब्दांत अंतर न सोडता सलग लिहिलेली ओळ एकदम उलगडत नाही. कालोल्लेख मात्र विशेष जपून वाचा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे अरबी अंकशब्दांत एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली एक कालगणना) ११६१. हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवावे लागतात, तेव्हा कुठे १७६०-६१ हे पानिपताचे साल हाती येते. सरसकट ५९९ मिळवून मी एका माघातल्या पत्राचे साल चुकवले होते. पेन्सिलीनेच टिपणे घ्या.