हक्कसोडीची गोष्ट कोण सांगतंय?

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा वाचली. माहेरच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून देणाऱ्या हक्कसोडपत्रावर बहीण सही करते आणि संध्याकाळी भाऊ गल्लीत पेढे वाटतो. विषय भक्कम आहे. सोबतच्या चिठ्ठीत विचारलं आहेस, याची कादंबरी होईल का? ते नंतर बघू. आधी सांग, ही गोष्ट सांगतंय कोण?

तुझा निवेदक सध्या सगळ्यांच्या मनात फिरून येतो. भावाची लाज, बहिणीचा राग, वहिनीचा हिशेब, सगळं त्याला ठाऊक आणि सगळं तो बोलूनही टाकतो. मग वाचकाला काम काय उरलं? हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली, तेव्हा त्यांनी नायिका यमूलाच ‘मी’ म्हणून बोलतं केलं. तिचे हाल तिच्याच तोंडून ऐकावे लागतात, त्यामुळे वाचकाला नजर चुकवायला जागा राहत नाही. पुरुष लेखकाने तेव्हा हे करावं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता तुझी कथा भाच्याच्या तोंडी देऊन बघ. दहा-बारा वर्षांचा, आईबरोबर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आलेला. त्याला हक्कसोड म्हणजे काय ते कळत नाही. मामाने आज स्वतःहून उसाचा रस पाजला, आईने अर्धाच पिऊन ग्लास ठेवला, कॅमेऱ्यासमोर बसल्यावर तिने पदर नीट केला, एवढंच त्याला दिसतं. ‘तिच्या काळजावर घाव बसला’ हे वाक्य मग तुझं तुलाच नकोसं होईल. संवादही आपोआप बदलतील. तुझी बहीण आत्ता कायद्याच्या कलमांवर भाषण देते; खरी बाई अशा वेळी विचारेल, “अंगठ्याची शाई निघते ना रे लवकर? घरी भाकऱ्या थापायच्यात.”

वातावरणाबद्दल फार सांगत नाही. पहिली दोन पानं पाऊस आहे, तो काढून टाक.

आता कादंबरीचं. त्या एका सकाळीतच सगळं येत असेल, तर ती कथाच आहे आणि कथा म्हणून काही कमी नाही. सहीनंतर माहेर तुटतं का, दहा वर्षांनी जमीन विकली जाते तेव्हा काय होतं, भावाची बाजू काय, हे तुला खरोखर छळत असेल तरच कादंबरीकडे वळ. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापल्या तोंडाने बोलतात, एकाचं खरं दुसऱ्याला पटत नाही, आणि कादंबरीला लागणारी लांबी त्यातून येते. नुसत्या पानांवर जाऊ नकोस. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) बरीचशी एका बोटीवर घडते, आकाराने लहानच आहे, तरी तिला कोणी कथा म्हणत नाही. युरोपातून हाकलल्या गेलेल्या माणसांचं अख्खं जग त्या बोटीवर चढलेलं आहे.

तुझ्या मसुद्यात भाऊ अजून नुसताच खलनायक आहे. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे असं एका ओळीत म्हणून तू पुढे निघून गेलास. मला वाटतं, कादंबरी असलीच तर ती त्या ओळीत आहे. पण आधी भाच्याची कथा लिही, दहा पानांच्या आत, आणि दिवाळी अंकांच्या मुदतीची घाई न करता मला पाठव.

तुझा,
सर