वाचक विचारतात: कुरुबांचं सुती कंकण, लोकरी कंकण आणि बेडगु

प्रश्न : आम्ही जत तालुक्यातले. कागदोपत्री धनगर पण घरात बोलणं सगळं कन्नडच. मुलीला विजापूरकडचं स्थळ आलंय, ती माणसं कुरुब, म्हणजे कन्नड मुलखातले मेंढपाळ. बोलणी चालू असताना त्यांनी विचारलं तुम्ही हत्ती कंकण की उण्णे कंकण, आणि बेडगु कुठला? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो. सासूबाई एवढंच म्हणाल्या की आपलं उण्णे. शिवाय भावकीच्या ग्रुपवर रोज फॉरवर्ड येतात की आपण कांचीच्या पल्लव राजांचे आणि विजयनगरच्या राजांचे वंशज. यातलं खरं किती?

उत्तर : आधी स्थळाचं बघू, राजे कुठे पळून जात नाहीत.

लग्नात नवरा-नवरीच्या मनगटाला जे कंकण बांधतात ते कशाचं, यावरून कुरुबांचे हे दोन मोठे भाग पडतात. कापसाच्या सुताचं बांधणारे ते हत्ती कंकण आणि लोकरीच्या धाग्याचं बांधणारे उण्णे कंकण. (हत्ती म्हणजे कन्नडमध्ये कापूस, आपला सोंडेवाला नव्हे.) बघायला गेलं तर वीतभर दोरा, चार दिवसांनी सोडून टाकायचा, पण तो कशाचा वळलाय यावर पूर्वी सोयरीक अडायची. बऱ्याच भागात लग्नं आपापल्या बाजूतच करायची पद्धत होती. आता शिकलेली मुलं, नोकऱ्या, शहरं यात ते पुष्कळ सैल झालंय, तरी म्हातारी माणसं विचारतात जरूर. तेव्हा सासूबाईंनी जे सांगितलं तेच बिनधास्त सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

खरा प्रश्न बेडगुचा आहे आणि तिथे मात्र ढिलाई चालत नाही. बेडगु म्हणजे कूळ समजा, बापाकडून येतं, आणि एका बेडगुची मुलं-मुली एकमेकांची भाऊबहीण, मग गावं शंभर मैलांवर का असेनात. म्हणून बेडगु जुळला तर लग्न नाही. मामाची मुलगी चालते, कर्नाटकात तर थोरल्या बहिणीची मुलगीही केली जाते आणि आपल्याकडच्या लोकांच्या भुवया वर जातात, पण त्यांचा हिशोब सरळ आहे, बहीण लग्न होऊन दुसऱ्या बेडगुत गेली की तिची लेक त्या बेडगुची झाली, मग अडचण कुठे उरली?

बेडगुंची नावं ऐकण्यासारखी आहेत. आने म्हणजे हा मात्र खराच हत्ती, अरशिन म्हणजे हळद, जीरिगे म्हणजे जिरं, मेणसु मिरी, बेळ्ळि चांदी, बन्नी शमीचं झाड, चंद्र, मुत्तु म्हणजे मोती, आणि या लोकांच्या धंद्याला शोभेल असं मग्ग म्हणजे माग. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मद्रास इलाख्यात आणि म्हैसुरात ज्यांनी जातींच्या नोंदी केल्या त्यांनी अशी कितीतरी नावं उतरवून ठेवलीत. ज्याचं नाव त्या वस्तूचा मान ठेवायचा, झाड असेल तर तोडायचं नाही, जनावर असेल तर मारायचं नाही. मराठ्यांतलं देवक आठवलं ना? तेच. देवक एक आलं की सोयरीक मोडते, तसंच हे. तेव्हा पाहुण्यांना कळवण्याआधी सासऱ्यांच्या भावकीतल्या एखाद्या जाणत्या म्हाताऱ्याला गाठा आणि आपला बेडगु नक्की करा, अंदाजाने काही सांगू नका.

आता हे दोन भाग पडले कसे? याची एक कथा सांगतात. उंडाड पद्मण्ण नावाचा धाकटा भाऊ, आळशी, थोरले भाऊ नांगर धरणारे आणि याच्यावर वैतागलेले. त्याला शेतात पाठवलं तर याचा नांगर वारुळाला लागला आणि वारुळातून मेंढरंच मेंढरं बाहेर पडली, थांबेचनात. शंकर-पार्वतीने सांगितलं ही तुझ्यासाठीच, सांभाळ आता. मग तो रानात गेला आणि पुढे दोन बायका झाल्या, एक जातीतली आणि एक रानातली, राक्षसांकडची. एकीच्या वंशाला सुताचं कंकण मिळालं आणि दुसरीच्या वंशाला लोकरीचं. मला या कथेत सगळ्यात आवडतं ते हे की मेंढपाळ हा शेतकऱ्याचा धाकटा भाऊ दाखवलाय, परका कोणी नाही. नांगर आणि मेंढरं एकाच घरातली. जमातीचं मूळ शोधायचं तर मी ताम्रपटाआधी अशी कथा वाचीन, कारण ती लोकांनी स्वतः सांगितलेली आहे.

राहिले राजे. पल्लवांचा धागा जोडला तो मुख्यतः इंग्रजी अमदानीतल्या सेन्सस रिपोर्टांनी, कुरुंब (म्हणजे कुरुबच) आणि पल्लव एकच असं त्यातल्या काहींनी ठोकून दिलं आणि ते आजतागायत फिरतंय. विजयनगर १३३६ च्या सुमाराचं, हरिहर-बुक्कांचं. ते कुरुब होते असं मानणारे अभ्यासक आहेत, त्यांना तेलुगू मूळ देणारेही आहेत, आणि त्या घराण्याचे स्वतःचे लेख म्हणतात आम्ही यादव. गादीवर बसला की प्रत्येकाला चंद्रवंश नाहीतर सूर्यवंश लागतोच! त्यापेक्षा ज्यांच्याबद्दल वाद नाही अशी माणसं आहेत की. सोळाव्या शतकातले कनकदास कुरुब, हावेरीकडच्या बाड गावचे, कागिनेलेच्या केशवाचे भक्त, नाचणी आणि तांदूळ यांचं भांडण लावून नाचणीला मोठेपण देणारं काव्य त्यांचं. संगोळ्ळी रायण्णा कुरुबच, कित्तूरच्या राणीसाठी लढला आणि १८३१ मध्ये नंदगडला फाशी गेला. नंदगड बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. ग्रुपवर हे टाका.

प्रश्न : नागरहोळेला फिरायला गेलो तेव्हा गाईडने जेनु कुरुबांचा पाडा दाखवला. ते आणि मेंढरंवाले कुरुब एकच का?

उत्तर : नाव एक, जगणं वेगळं. जेनु म्हणजे मध, हे लोक रानातला मध काढणारे, आणि हत्ती कॅम्पात माहुत म्हणून दिसतात तेही पुष्कळदा हेच. बेट्ट कुरुब डोंगरातले, बांबूचं काम करणारे. जेनु कुरुब अनुसूचित जमातीत येतात, त्यातही विशेष असुरक्षित म्हणून सरकारने वेगळे नोंदलेले. गावातले मेंढपाळ कुरुब कर्नाटकात ओबीसीच्या २-अ गटात, आणि आम्हालाही जमातीत घ्या ही त्यांची मागणी जुनी आहे. त्यामुळे 'दोन्ही एकच' हे वाक्य तिथे आता साधं राहिलेलं नाही, कोण म्हणतंय आणि कशासाठी ते बघावं लागतं.

प्रश्न : खंडोबाची बाणाई धनगराची. कुरुबांतही असं काही आहे का?

उत्तर : आहे तर! कर्नाटकात खंडोबा म्हणजे मैलार, आणि त्यालाही दोन बायका, गंगी माळव्वा आणि कुरुबत्तेव्वा. नावातच कुरुब आहे. इकडे म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची, म्हणजे एक पेठेतली एक रानातली, आणि वर पद्मण्णाच्या कथेतही तेच दोन बायकांचं गणित. जर्मन अभ्यासक सोन्थायमर हे धनगरांबरोबर रानोमाळ हिंडले होते, त्यांनी या जोडीवर बरंच लिहिलंय. बिरोबाचंही तसंच, कन्नडमध्ये तो बीरप्पा, आणि त्याची बहीण मायाक्का चिंचलीची, रायबाग तालुक्यात. दिवाळीत मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीला महालिंगराया या धनगरी देवाच्या यात्रेत देवांच्या पालख्या भेटतात तेव्हा गर्दीत अर्धं मराठी अर्धं कन्नड ऐकू येतं, आणि भंडारा उधळायला लागले की कोण कुठल्या राज्यातला ते ओळखणं अशक्य, सगळे पिवळे. जतच्या वाचकांना बेडगुचा पत्ता घरात नाही लागला तर तिथे नक्की लागेल, दोन्हीकडची म्हातारी माणसं तिथे असतात आणि त्यांना हे विचारलेलं आवडतं.