कारवानी मेल लावायला देताना: रोख घ्यावी की पिल्लू?

तुमचा प्रश्न असा की जतजवळ तुमच्याकडे केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे, वंशनोंदीचे) कागद असलेला दोन वर्षांचा कारवानी मेल, म्हणजे कारवानी जातीचा नर कुत्रा आहे, आसपासच्या तिघांनी तो कुत्री लावायला मागितलाय आणि 'किती घ्यायचे, रोख घ्यायची की पिल्लू' हे ठरत नाहीये. सतरा वर्षं कारवानी पाळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशांचं. रूढ हिशोब म्हणजे एका चांगल्या पिल्लाचा जो भाव, तीच स्टड फी, म्हणजे मेल लावण्याचे पैसे. पण हा भाव तुमच्या मनातला धरू नका. समोरच्याची मागच्या वेतातली पिल्लं खरोखर कितीला गेली ते विचारा. बारा हजाराला गेली असतील तर फी बाराच्या आसपास. मी निम्मे पैसे मेटिंगच्या दिवशी घेतो आणि निम्मे महिन्याभराने सोनोग्राफीत गाभ दिसल्यावर. तुमच्या मेलपासून अजून एकही वेत झालेलं नाही, त्यामुळे पहिल्या खेपेला आधी काहीच मागू नका. पिल्लं जन्मली तरच फी, असं सांगा. एक चांगलं वेत लोकांनी डोळ्यांनी पाहिलं की पुढच्या वेळी तुम्हाला भाव सांगावाही लागत नाही.

आता पिल्लू. आपल्याकडे गावोगावी हीच पद्धत आहे आणि सगळी भांडणंही इथेच होतात. 2014 मध्ये पंढरपूरकडच्या एका ओळखीच्या माणसाची कुत्री माझ्या मेलला लावली. बोलणं काय झालं, तर 'एक पिल्लू तुमचं.' बस्स. कुत्री व्याली आणि पिल्लू झालं एकच, फिकट बदामी रंगाची मादी. तो म्हणाला, घरचं एकुलतं पिल्लू कसं देऊ? मी म्हणालो, शब्द एका पिल्लाचा होता. दोघंही खरं बोलत होतो, आणि वर्षभर एकमेकांच्या दारात गेलो नाही. शेवटी मी पिल्लाचा हक्क सोडला आणि लिटर (वेताच्या) नोंदणीच्या अर्जावर सहीही करून दिली. सही अडवून ठेवणारे मेलवाले मी पाहिलेत, मला ते पटत नाही. माणसांच्या भांडणात त्या पिल्लाचे कागद कशाला अडकवायचे?

तेव्हापासून कुत्री दारात यायच्या आधी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतो. एकच पिल्लू झालं तर ते कुत्रीवाल्याचं, मला रोख फी. दोन झाली तर पहिली निवड त्याची, उरलेलं माझं. तीन किंवा जास्त झाली तर पहिली निवड माझी, नर किंवा मादी. निवड सात आठवडे पूर्ण झाल्यावर, कारण त्याआधी कारवानीच्या पिल्लाची छाती, पाठ आणि पायांची ठेवण नीट कळत नाही. ताबा आठ आठवड्यांनंतर. तोवरचं जंताचं औषध आणि लस त्याच्याकडे. निवडलेलं पिल्लू ताब्यात येण्याआधी दगावलं तर दुसरं निवडायचं. आणि माझं मत स्पष्ट आहे: पिल्लू स्वतःकडे ठेवून वाढवायचं असेल तरच पिल्लू घ्या. विकायचंच असेल तर रोख घ्या, गिऱ्हाईक शोधण्यात जीव शिणवू नका.

फी कशाची हेही लिहा. पहिली खेप सोडली तर फी लावण्याची आहे, पिल्लांच्या संख्येची नाही. कुत्री गाभ राहिली नाही तर पुढच्या माजाला एकदा फुकट, त्याच मेलला, त्याच कुत्रीला. मेल मध्येच गेला किंवा आजारी पडला तर घेतलेले पैसे परत.

बहुतेक वेळा कुत्री रिकामी राहते ती दिवस चुकल्यामुळे. माजाचं रक्त दिसल्यापासून 'दहावा-अकरावा दिवस' हे गणित सगळ्यांच्या तोंडी आहे, पण काही कुत्र्या आठव्या दिवशी तयार असतात, काही सोळाव्या. सांगली-सोलापूरच्या लॅबमध्ये कुत्रीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन (माजात वाढणारं संप्रेरक) तपासून मिळतं का ते विचारा. आकडा पाच नॅनोग्रॅमच्या आसपास आला की बीज सुटलं समजा. ते पक्व व्हायला आणखी दोन दिवस लागतात. तेव्हा एकदा लावायची आणि एक दिवस सोडून पुन्हा. बीज सुटल्यापासून 63 दिवस मोजले की वेताची तारीख जवळपास बरोबर येते. हा खर्च कुत्रीवाल्याचा, आणि तोही कागदात असू द्या.

त्याहून महत्त्वाची आहे ती ब्रुसेलाची तपासणी, दोन्ही जनावरांची. या रोगाने गाभण कुत्री शेवटच्या आठवड्यांत टाकते, मेलच्या वृषणांना सूज येऊन तो कायमचा नापीक होऊ शकतो, खात्रीचा इलाज नाही आणि माणसालाही लागण होते. तुमच्या डॉक्टरांकडे सोय नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. शिवाय कुत्रीचं अंग स्वतः बघा. मोकाट कुत्र्यांमुळे आपल्या भागात संसर्गाने पसरणाऱ्या गाठी फार आहेत. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, रक्त गळणारी गाठ दिसली तर त्याच पावली परत पाठवा. आधी इंजेक्शनांचा कोर्स पुरा होऊ दे.

कुत्री नेहमी मेलच्या घरी आणायची. सकाळी लवकर, उपाशीपोटी, अंगणात गर्दी नको. तुमचा मेल नवखा आहे, पहिल्यांदा गोंधळेल, ओरडू नका. टाय झाला, म्हणजे जोडी अडकली, की दोघं पाठीला पाठ लावून उभे राहतात, दहा मिनिटं, कधी अर्ध्या तासाच्या वर. एकाने कुत्रीचं डोकं मांडीशी धरून बसायचं, दुसऱ्याने मेलजवळ. त्या वेळी कुत्री वळवळली किंवा खाली बसली तर मेलला दुखापत होते. माझा पहिला मेल असाच जायबंदी झाला. मी चहा आणायला आत गेलो होतो.

घरी नेल्यावर कुत्री किमान दहा दिवस कोंडून ठेवायची. एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. गावात कुंपणावरून उडी मारणारे कुत्रे कमी नाहीत, आणि पिल्लं वेगळी दिसली की बोट तुमच्या मेलकडे जातं.

कायद्याचं एवढंच: 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे कुत्री अठरा महिन्यांच्या आत लावायची नाही, आठ वर्षांनंतर नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात जास्तीत जास्त पाच. पिल्लं विकणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. कुत्रीवाल्याचं वय-वेताचं उत्तर डळमळीत वाटलं तर फी कितीही असो, देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की तिघांपैकी एकाची कुत्री 'शर्यतीत पळणारी' आहे. तिच्यात ग्रेहाउंडचं रक्त आहे का ते नीट विचारा. शर्यतीसाठी असे क्रॉस बरेच झालेत, आणि त्यातून शुद्ध कारवानी हळूहळू पुसला जातोय याचं मला मनापासून वाईट वाटतं. सशामागे सोडायला पिल्लं हवीत असं म्हणणाऱ्यालाही मी नाही सांगतो, ती शिकार गुन्हा आहे. उरलेल्या दोघांपैकी जिचे कागद आहेत आणि जिच्या मालकाने तपासणीला लगेच होकार दिला, तिच्यापासून सुरुवात करा. तिच्या आणि तुमच्या मेलच्या तीन पिढ्यांची नावं शेजारी शेजारी लिहून आजा-पणजा एकच तर नाही ना, हे आज रात्रीच बघून घ्या.