गाडीची किल्ली घरी ठेव आणि चालून बघ

पोरी,

पुण्यातल्या दोन्ही फ्लॅटचे प्लॅन बघितले. पार पूर्वेच्या टोकाला वाघोलीच्या टाऊनशिपमधला टू बीएचके, नाहीतर त्याच पैशात शहरातल्या नळ स्टॉपजवळच्या जुन्या इमारतीतला वन बीएचके. तुझं ऑफिस शिवाजीनगरला, तुझ्या नवऱ्याचं कल्याणीनगरला. आणि तू विचारतेस, जागा कुठे जास्त मिळेल? हा प्रश्न बिल्डरने तुझ्या डोक्यात घातलाय. तुझा खरा प्रश्न एवढाच आहे: फोडणी तडतडत असताना कढीपत्ता नाही हे लक्षात आलं, तर गाडी काढावी लागेल का?

म्हणून चालून बघ. नकाशावर बोट फिरवून नव्हे, पायांनी. माणूस मिनिटाला साधारण 80 मीटर चालतो. पाच मिनिटांत 400, दहा मिनिटांत 800. त्या दहा मिनिटांत भाजी, मेडिकल, गिरणी, डॉक्टर, बालवाडी आणि बसथांबा यांतलं काय काय येतं ते लिहून काढ. नकाशावरचं अंतर फसवं असतं. टाऊनशिपच्या बाल्कनीतून दिसणारं मेडिकल दीडशे मीटरवर असेल, पण मधे कंपाउंडची भिंत असते आणि मागचं गेट 'सिक्युरिटी'पायी कुलूपबंद. मेन गेटने वळसा घालून तेच मेडिकल किलोमीटरभर लांब जातं. मागच्या गेटची किल्ली कोणाकडे असते, हे सेल्समनला विचार. त्याला सांगता येणार नाही, तो गाडीने येतो.

फुटपाथही बघ. देशात रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसप्रमाणे राहत्या भागात किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी. 'मोकळी' हा शब्द महत्त्वाचा: झाड, विजेचा डीपी बॉक्स, फ्लेक्सचे बांबू वजा करून. तुझी अडीच पावलं आडवी मावली पाहिजेत. कडेची उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. प्रत्येक बंगल्याच्या गेटपाशी फुटपाथ खाली उतरून पुन्हा वर चढत असेल, तर गुडघे दुखणारा माणूस तो सोडून रस्त्यावरूनच चालतो. मग आपणच म्हणतो, लोकांना शिस्त नाही! रस्ता ओलांडायचंही गणित आहे. 24 मीटरचा रस्ता, सेकंदाला 1.2 मीटर चाललीस तर तुला 20 सेकंद लागतील. आईला 0.8 च्या चालीने 30. सिग्नल किती सेकंदांचा आहे, मोज.

आता पैसे. वाघोलीला गेलीस की कार आलीच. आठ लाखांचं कर्ज, 9 टक्के, सात वर्षं: हप्ता सुमारे 12,900. शिवाजीनगरपर्यंत रोजची जा-ये 35 किलोमीटर धर, महिन्याचे 22 दिवस, ट्रॅफिकमध्ये लिटरला 13 किलोमीटरचं ॲव्हरेज, पेट्रोल 105 रुपये: सुमारे 6,200. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून 3,500 धर. झाले 22,600. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या गृहकर्जात लाखाला 868 रुपये हप्ता बसतो. म्हणजे एका कारच्या खर्चात 26 लाखांच्या कर्जाचा हप्ता निघतो. कार सात वर्षांत जुनी होते, हप्ता संपला तरी पेट्रोल संपत नाही. 'स्वस्त' फ्लॅटचा हा भाग ब्रोशरमध्ये छापत नाहीत.

'मेट्रो येणार आहे ना?' येईल. रामवाडीच्या पुढे वाघोलीकडे जाणाऱ्या मार्गाला केंद्राने 2025 मध्ये मंजुरी दिली. पण मंजुरीत बसून ऑफिसला जाता येत नाही. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2016 मध्ये झालं आणि वनाज ते रामवाडी सलग गाडी धावली मार्च 2024 मध्ये. नळ स्टॉपवरून आज तुम्ही दोघं एकाच मेट्रोत बसाल. तू जिल्हा न्यायालयला उतरशील, तो पुढे कल्याणीनगरला. गाडी बदलायचीही गरज नाही.

जुन्या इमारतीचं कौतुक करत बसू नकोस. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर, झालंय का बघ. वय तीस वर्षांच्या वर असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, शेवटचा अहवाल माग. सोसायटी टाळाटाळ करत असेल तर उठून ये. रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतील तर भाडं कोण देणार आणि किती महिने, हे लेखी हवं. पार्किंगवरून भांडणं होतील. गणपतीत दहा दिवस ढोल-ताशे कानाशी. ते सोस.

मला लोक हेकट म्हणतात, म्हणू देत. दारात गाडी आली म्हणजे सुख आलं, असं आमच्याच पिढीने मानलं, मीही मानलं, आणि शहर त्या हिशोबाने पसरत गेलं. ती चूक तुझ्या अंगावर यायला नको, म्हणून एवढा आवाज चढवतोय.

तर चालून बघ. रविवारी नको, रविवारी सगळेच रस्ते शहाण्यासारखे वागतात. मंगळवारी संध्याकाळी सातला जा, शक्य झालं तर पावसात. दोन्हीकडे जा. आईला बरोबर घे आणि हातात पाच किलो गव्हाची पिशवी. दारापासून गिरणीपर्यंत आणि परत. पिशवी कुठे खाली ठेवावीशी वाटली, ते मला कळव.